गोळी कोणी दिली?

लेक नववीत होती तेव्हा सकाळी तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या. ब्रश, कंगवा, एकदा चहाचा कप. पडायच्या म्हणजे हातातून सुटायच्या नाहीत, उडायच्या. हाताला एकदम हिसका बसायचा आणि कप समोरच्या भिंतीवर. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून मी तिला ओरडले आहे, आणि ते आठवलं की अजून घशात काहीतरी अडकतं. सासूबाई म्हणायच्या, रात्री जागते, मग सकाळी असंच होणार. जागरणाचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे नंतर कळलं.

जुलैमध्ये चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत अभ्यास करून ती सहाला उठली आणि बाथरूमच्या दारात कोसळली. डोळे वर, दातखीळ, हातपाय आखडलेले, मग झटके. सासूबाई कांदा फोडायला धावल्या, शेजारचे काका चप्पल घेऊन आले, नवऱ्याने दातांत चमचा घालायची धडपड केली. यातलं एकही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं, गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि घड्याळ बघायचं. घड्याळ आमच्यापैकी कोणीच बघितलं नव्हतं. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच आला, फिट किती वेळ चालली? नवरा म्हणाला दहा मिनिटं, सासूबाई म्हणाल्या अर्धा तास. खरं तर दोनेक मिनिटांच्या आतलीच असावी.

न्यूरॉलॉजिस्टनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग आम्हाला सोडून लेकीकडे वळून विचारलं, "सकाळी उठल्यावर हात उडतात का गं?" ती म्हणाली, हो, रोज. कपाची गोष्ट मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळली.

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी. त्यासाठी आदल्या रात्री चारच तास झोपू द्यायचं होतं, केस धुऊन, तेल न लावता आणायचे होते. डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, डोळ्यांसमोर लखलखणारा दिवा, मग जोरजोरात श्वास घ्यायला सांगितला. निदान झालं जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. वयात येताना सुरू होणारा अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, एक प्रकार. झोप मोडली की उसळतो, औषधाने बहुतेकांचा ताब्यात राहतो, पण औषध लांबचं, बऱ्याच जणांना कायमचं. डॉक्टरांनी एक गोष्ट त्याच दिवशी निक्षून सांगितली. फिटच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही चांगलीच औषधं, पण या प्रकारात त्यांनी झटके वाढूही शकतात. आमच्या एका नातेवाइकांनी फोनवर "माझ्या गोळ्या उरल्यात, पाठवू का?" असं मनापासून विचारलं होतं, म्हणून हे लिहिते.

सुरुवात झाली लेवेटिरॅसिटामने. सकाळी नऊ, रात्री नऊ. आधी २५० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ५००. गोळी कडू, गिळायला मोठी. पण कडूपणाचा त्रास किरकोळच निघाला. खरी गडबड वेगळीच झाली.

ऑगस्टमधला दिवस. आम्ही धायरीला राहतो, सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळ कशी असते ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मी पतसंस्थेतून निघून घरी पोचायला नऊ वाजून गेले होते, त्यात लाइट गेलेले. चप्पल काढली ती थेट औषधाच्या डब्याकडे. मेणबत्तीच्या उजेडात गोळी काढली, लेकीच्या हातावर ठेवली, तिने घेतली. दहा मिनिटांनी सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "अगं, मी दिली की तिला साडेआठलाच. तुला उशीर होणार म्हणून." मी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "तू दिलीस म्हणून घेतली. मला वाटलं आजपासून दोन आहेत."

डॉक्टरांना फोन लावताना माझा हात थरथरत होता. त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. किती मिलिग्रॅमची? दोन्हींमध्ये किती वेळ? वजन किती? आत्ता काय करतेय? मग सांगितलं, एकच गोळी जादा गेली आहे, गुंगी येईल, चालताना तोल जाऊ शकतो, तिला एकटीला बाथरूममध्ये पाठवू नका. रात्री दोन-तीनदा हलवून बघा, नीट जागी होते का, बोलते का, श्वास कसा चाललाय. उठवून उठली नाही किंवा उलट्या थांबेनात तर सरळ घेऊन या. आणि सकाळची गोळी नेहमीच्या वेळेला, ती चुकवायची नाही. "हे उत्तर या औषधाचं आणि या डोसचं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या औषधाला दुसरं उत्तर असेल. दर वेळी फोन करायचा."

त्या रात्री मी तिच्या उशाशी बसून होते. दोन वाजता हलवलं तर कुरकुरली, "झोपू दे ना गं आई." ते कुरकुरणं ऐकून केवढं बरं वाटलं.

मी पतसंस्थेत रोज पावत्या लिहिते. पैसे कोणी घेतले, त्याची सही नसेल तर ते पैसे आलेच नाहीत असं आम्ही धरतो. आणि घरात पोटच्या पोरीला गोळी देताना मात्र कुठे नोंद नाही! दुसऱ्या दिवशी फ्रिजशेजारच्या कालनिर्णयावर सुरुवात केली. प्रत्येक तारखेच्या चौकटीत वर सकाळ, खाली रात्र. जो देईल त्याने स्वतःचं अक्षर लिहायचं, गोळी गिळलेली बघितल्यावरच लिहायचं, आधी नाही. पहिल्याच आठवड्यात घोटाळा. आई आणि आजी, दोघींचंही "आ". मग सासूबाईंनी स्वतःसाठी छोटं स्वस्तिक घेतलं. जुनी कालनिर्णयं मी टाकलेली नाहीत. आमच्या घरी आता चार वर्षांची स्वस्तिकं आहेत.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. डॉक्टरांनी आमच्यासाठी सांगितलेले नियम त्यावर आहेत. गोळी चुकली आणि सहा तासांच्या आत आठवलं तर लगेच द्यायची. त्याहून उशीर झाला तर ती सोडायची, पुढची वेळेवर, दोन एकदम कधीच नाही. उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली तर पुन्हा एक, दिसली नाही तर आधी फोन. पाठोपाठ दोन डोस चुकले तर वाट बघत बसायचं नाही, फोन. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे, किती वेळा ते वजनाप्रमाणे डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे, आणि लगेच १०८. स्प्रेवरची मुदत दर पाडव्याला तपासते. एक स्प्रे घरी, एक शाळेत वर्गशिक्षिकांकडे होता.

शाळेत सांगण्यावरून घरात वाद झाला होता. आत्याबाईंचं म्हणणं, मुलीची जात आहे, उद्या लग्नाला आड येईल, बोभाटा कशाला? हिंदू विवाह कायद्यात खरंच एके काळी अपस्माराचा उल्लेख लग्नाला बाधा म्हणून होता. १९९९ साली तो काढला. कायद्यातून गेला, पण माणसांच्या डोक्यातून जायचाय. मी सांगितलं, माझ्या मुलीला वर्गात फिट आली तर तिला कुशीवर वळवणारं माणूस मला हवंय, लग्नाचं नंतर बघू.

आता लेवेटिरॅसिटामच्या रागाबद्दल. याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आम्ही तो ओळखला नाही.

मोठी फिट पुन्हा आली नाही, सकाळचे झटके निम्म्यावर आले. आम्ही खूश. पण पोर बदलायला लागली. भाजी आवडली नाही म्हणून ताट भिरकावणं, धाकट्या भावाने पेन घेतलं म्हणून त्याला चावणं, आणि मग तासभर उशीत तोंड खुपसून रडणं. मूळची शांत मुलगी. मी मनाशी म्हटलं, वय आहे, दहावी तोंडावर आली आहे, आजाराचं टेन्शन आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. औषध हे कारण असेल असं डोक्यातच आलं नाही, कारण त्या औषधाने फिट थांबवल्या होत्या, त्याच्यावर संशय घ्यायला जीभ रेटेना.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, मला असं वाटतं की मी नसले तर बरं होईल." राग नव्हता, रडणं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, विचारलं, काही करून घ्यावंसं वाटतं का? ती म्हणाली, माहीत नाही. त्या रात्री मी तिच्याच खोलीत झोपले, औषधांचा डबा माझ्या कपाटात कुलपात गेला, आणि सकाळी आठला डॉक्टरांना फोन. त्यांनी लगेच बोलावून घेतलं.

त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "हे तू नाहीस. या औषधाने काही जणांना असं होतं, तुला झालंय. आपण बदलतोय." तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी बघितला. ती बिचारी स्वतःलाच वाईट समजत होती! नवऱ्याने विचारलं, मग आजपासून बंद करू? ते म्हणाले, नाही. एकदम बंद केलं तर फिटमागून फिट येऊ शकते, आणि तो प्रकार जिवावर बेततो. नवं औषध चढवत जुनं उतरवायचं, आठवड्याआठवड्याने. तोवर तिला एकटं सोडायचं नाही, दर दोन दिवसांनी फोन. समुपदेशकाकडेही पाठवलं. तीन आठवड्यांनी भावाशी पत्ते खेळताना ती हसली, मोठ्याने, पूर्वीसारखी. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले.

फिटच्या कुठल्याही औषधाने मनावर असा परिणाम होऊ शकतो, हे त्या दिवशी कळलं. कोणाच्या घरी हे औषध सुरू झालं की मी पहिलं हेच विचारते, चिडचिड वाढलीय का, आणि चिडचिडीच्या तळाशी उदासी तर नाही ना?

नवं औषध होतं सोडियम वालप्रोएट. देताना डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि लेकीला थांबवून घेतलं, आम्ही तिला बाहेर पाठवत होतो तरी. म्हणाले, हे तिच्याच शरीराबद्दल आहे. या प्रकारच्या फिटवर वालप्रोएट उत्तम चालतं, पण बाईच्या पोटात बाळ असताना ते चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळाला जन्मतः व्यंग येतं आणि दहातल्या तीन-चार मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे पडू शकतं. म्हणून हा थांबा आहे, मुक्काम नव्हे. दहावी, बारावी पार पडू दे, मग बदलू. पंधरा वर्षांच्या मुलीसमोर हे बोलणं नवऱ्याला जड गेलं. मला मात्र त्या माणसाचा आदर वाटला.

झटके थांबले, पूर्ण. त्याची किंमतही दिसत होती. वर्षात सहा किलो वजन वाढलं. उशीवर केसांचे पुंजके. आणि कंप. आमटीचा चमचा तोंडाशी नेईपर्यंत निम्मा रिकामा, विज्ञानाच्या वहीतली आकृतीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी. डॉक्टरांनी डोस थोडा कमी करून बघितला, कंप उतरला, झटके आले नाहीत, तिथेच थांबलो. मधूनमधून रक्त तपासायचं, यकृत आणि प्लेटलेट. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, डोळे पिवळे, विनाकारण काळेनिळे डाग, वाढती सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन.

या गोळीच्या दोन खोडी घरात सांभाळाव्या लागतात. एक, आमची गोळी हळूहळू विरघळणारी होती. सासूबाई प्रेमापोटी ती चुरून गुळांब्यातून द्यायला निघाल्या होत्या. तसं केलं तर रात्रभराचं औषध एकदम अंगात उतरतं. ती अख्खीच गिळायची. दुसरी खोड पावसाळ्यातली. आम्ही सात कप्प्यांची डबी आणली होती, रविवारी आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायच्या. जूनमध्ये बुधवारचा कप्पा उघडला तर गोळी दमट, बोटाला चिकटणारी. वालप्रोएट हवेतला ओलावा ओढून घेतं. तेव्हापासून मी स्ट्रिप कात्रीने कापून, गोळी तिच्या वेष्टनासकट कप्प्यात ठेवते. टोकं टोचतात, म्हणून कोपरे गोल कापायचे.

अकरावीत तिला डेंगी झाला. धायरीत त्या पावसाळ्यात घरोघरी तेच होतं. प्लेटलेट उतरत होत्या आणि वालप्रोएटनेही त्या उतरतात, म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांना औषधाचा कागद पहिल्या मिनिटाला हातात दिला. तापाला फक्त पॅरासिटामॉल. त्या कागदावर न्यूरॉलॉजिस्टनी लाल शाईत एक ओळ लिहून ठेवली आहे, मेरोपेनेमच्या गटातलं अँटिबायोटिक देण्याआधी मला कळवा, त्याने वालप्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने कोसळते. तशी वेळ आली नाही. पण गोळ्या वेळेवर गेल्या, ताप असतानाही, सलाइन चालू असतानाही, आणि फिट आली नाही.

बारावी झाली आणि डॉक्टरांनी शब्द पाळला. लॅमोट्रिजिन. या औषधाला घाई अजिबात खपत नाही. वेगाने वाढवलं तर अंगावर पुरळ येतं, आणि क्वचित ते साधं राहत नाही, कातडी सोलवटते, तोंड, डोळे सुजतात, जीव धोक्यात येतो. त्यात वालप्रोएट चालू असलं की यकृत लॅमोट्रिजिन लवकर बाहेर काढत नाही, ते अंगात दुप्पट साठतं. म्हणून तिला सुरुवात होती २५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड. दोन आठवडे. मग दोन आठवडे रोज २५. मग पुढे. हे आकडे तिचे आहेत, वालप्रोएटबरोबरचे. दुसऱ्या कोणाला वेगळे असतील.

एक दिवसाआड, यात अवघड काय, असं वाटलं. २५ मेला सुरू केलं आणि घरात सांगितलं, विषम तारखांना गोळी. पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस, एकतीस. १ जूनला सकाळी सासूबाईंनी गोळी काढली, पाण्याचा पेला भरला. एक म्हणजे विषमच! मी कालनिर्णयाचं पान उलटत होते. जूनच्या पानावर पहिली चौकट, आणि मागच्या पानावर शेवटच्या चौकटीत कालचं ताजं स्वस्तिक. हात धरला त्यांचा. एका जादा गोळीने आकाश कोसळलं नसतं कदाचित, पण नियम असाच राहिला असता तर पुढचा सगळा मेळ चुकला असता. त्याच वेळी पेन घेऊन दोन, चार, सहा या तारखांना गोल केले. तेव्हापासून "तारखा सम-विषम" हा शब्द बंद, पुढच्या सगळ्या चौकटी आधीच गोल करून ठेवायच्या.

पहिले दोन महिने नवा साबण नाही, नवी क्रीम नाही, न खाल्लेला पदार्थ नाही. म्हणजे काही उठलंच तर ते कशाचं, हा गोंधळ नको. रोज अंघोळीनंतर ती आरशासमोर आणि मी पाठीकडून. एकोणिसाव्या दिवशी कमरेवर लाल पट्टा, त्यात बारीक पुळ्या. माझ्या पायांतलं बळ गेलं. पुढची गोळी द्यायच्या आधी फोन, फोटो पाठवला, तरी ते म्हणाले घेऊनच या. त्यांनी कमरेपेक्षा जास्त वेळ बाकीचं बघितलं. तोंड उघडायला लावलं, गालाच्या आत, ओठांच्या आत, डोळ्यांचे लाल कोपरे, तळहात, गळ्यातल्या गाठी, ताप. मग विचारलं, कमरेला काय बांधतेस?

ढोल. त्याच आठवड्यात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला होता. नदीपात्रात तासभर ढोल वाजवायचा, तो कमरेला पट्ट्याने आवळलेला, वरून घाम. कातडी घासून निघाली होती. गोळी चालू राहिली, पट्ट्याखाली सुती ओढणी आली.

पथकाची परवानगी सहज मिळाली नव्हती. ढोलाच्या आवाजाने काही होत नाही, डॉक्टर म्हणाले, जागरणाने होतं. रात्री नऊची गोळी, अकराला झोप, विसर्जनाच्या रात्रीची मिरवणूक नाही. लक्ष्मी रोडवरची ती मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिने दिवसा वाजवायचं, संध्याकाळी घरी. ती दोन दिवस रुसली, मग पथकप्रमुखांना स्वतःच सगळं सांगून आली. मी गेले नव्हते बरोबर.

लॅमोट्रिजिन चढलं तसं वालप्रोएट उतरवायला घेतलं. ते जसजसं कमी झालं, तसं यकृताला मोकळीक मिळून लॅमोट्रिजिन अंगातून लवकर जायला लागलं, म्हणून ते अजून वाढवावं लागलं. या काळात दोन सकाळी हात उडाला, एकदा पोह्यांची बशी गेली. कालनिर्णयावर बाण काढला, डॉक्टरांनी उतरण तीन आठवडे थांबवली, मग पुन्हा सावकाश. याच काळात २५च्या चार गोळ्यांऐवजी १००ची एक अशी चिठ्ठी झाली. जुन्या पाकिटातल्या २५च्या गोळ्या डब्यात शिल्लक, दोन्ही पाकिटं एकाच कंपनीची, एकाच रंगाची. चारची सवय झालेल्या हाताने नव्या पाकिटातल्या चार काढल्या असत्या तर थेट ४००. मी जुनं पाकीट त्याच दिवशी घराबाहेर काढलं. दुकानदाराने एकदा त्याच नावाची दुसऱ्या कंपनीची गोळी "तीच आहे हो" म्हणून पुढे केली. मी आधी डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितलं जी चालू आहे तीच द्या, मग दुसऱ्या दुकानातून आणली. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक असतात, संपल्यावर धावपळ नाही.

गौरींच्या आधी जाऊबाईंनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुचवल्या. आमच्याकडे सगळ्या बायका घेतात, त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. मी विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हार्मोनची कुठलीही गोळी मला सांगितल्याशिवाय नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी खाली येते, आणि ती खाली आली की फिट परत. यंदा गौरींना ती बाहेर बसली. गौरी काही रुसल्या नाहीत, उलट सासूबाईंनीच तिच्यासाठी पुरणपोळीचं ताट बाहेर नेऊन दिलं.

अठरा पूर्ण झाल्यावर मैत्रिणी लायसन्सच्या मागे लागल्या. पुण्यात दुचाकी नाही म्हणजे पायच नाहीत. अर्जाबरोबरच्या नमुना १मध्ये सरळ प्रश्न आहे, तुम्हाला अपस्मार किंवा एकाएकी शुद्ध हरपण्याचे झटके येतात का? तिने फॉर्म वाचला आणि मिटवून ठेवला. बसचा पास काढला. त्या दिवशी तिच्याशी काय बोलावं मला सुचलं नाही, मी तिच्या आवडीची वांग्याची भाजी केली.

वालप्रोएट दिवाळीच्या आधी संपलं. शेवटची गोळी घेतली त्या चौकटीत तिने स्वतःच्या हाताने फूल काढलंय. कंप गेला, केस परत येतायत. आता सकाळ-रात्र लॅमोट्रिजिन १००, आणि बाथरूमची कडी अजूनही लावायची नाही, दारावर पाटी उलटी करायची.

गणपतीच्या आधी एकदा मी तिला आणायला नदीपात्रात गेले होते. पन्नास-साठ ढोल एका तालात, छातीत घुमत होते. मला वाटलं गजर वाजला तरी ऐकू कुठला येणार? नऊ वाजले आणि ताशा वाजवणारी एक मुलगी थांबली, हातातली काडी वर केली आणि आमच्या लेकीकडे बघून ओरडली, "ए, नऊ!" लेकीने ढोल उतरवला, पिशवीतून कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा काढला, गोळी घेतली, त्या मुलीच्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि परत पट्टा आवळायला लागली. मग मी दिसले तशी लांबूनच हात करून म्हणाली, "घेतली गं! घरी जाऊन आजीला स्वस्तिक काढू देऊ नकोस, मी माझं लिहिणार आहे."